झरियाच्या जमिनीखालची आग उपग्रहातून कशी शोधायची: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

झारखंडच्या धनबाद जिल्ह्यात झरियाचं कोळसाक्षेत्र आहे, साधारण 450 चौरस किलोमीटरचं. पोलादाच्या भट्टीला लागणारा उत्तम प्रतीचा कोकिंग कोळसा देशात मुख्यतः इथेच निघतो. इथल्या आगीची पहिली नोंद 1916 सालची, भौंरा इथली. तेव्हापासून कुठे ना कुठे जमिनीखाली कोळसा जळतोच आहे, आणि त्याच जमिनीवर घरं, देवळं, शाळा, बाजार आहेत. मे 2017 मध्ये झरियाच्या इंदिरा चौकात जमीन अचानक खचली आणि बाप-लेक आत गेले. पुढच्याच महिन्यात धनबाद–चंद्रपुरा रेल्वेमार्ग आगीच्या धोक्यामुळे बंद करावा लागला. तो पुन्हा सुरू झाला 2019 मध्ये.

आग नेमकी कुठे आहे, या प्रश्नावर तिथल्या हजारो कुटुंबांचं बस्तान अवलंबून आहे. कोणाला बेलगडियाच्या पुनर्वसन वसाहतीत हलवायचं आणि कोणाला नाही, हे ठरवताना असे नकाशे टेबलावर असतात. ही कामं हैदराबादचं एनआरएससी (राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र), रांचीचं सीएमपीडीआय (कोल इंडियाची खाण नियोजन संस्था), धनबादची आयआयटी अशा संस्था करतात. पण त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती आज कोणालाही फुकट मिळते. एक बरा लॅपटॉप, क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर आणि दोन-तीन आठवडे सलग बसायची तयारी असली, तर भूगोलाचा, भूशास्त्राचा विद्यार्थी किंवा खाणपट्ट्यात काम करणारा पत्रकार पहिला नकाशा स्वतः काढू शकतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी हे डोक्यात पक्कं करा: उपग्रहाला आग दिसत नाही

थर्मल, म्हणजे उष्णतेची किरणं टिपणाऱ्या, कॅमेऱ्याला दिसतो तो जमिनीचा अगदी वरचा, मिलिमीटरभरही नसलेला पापुद्रा. त्याखाली काय चाललं आहे ते त्याला कळत नाही. वरचा पापुद्रा आजूबाजूच्यापेक्षा गरम आहे, एवढंच तो सांगतो. तो कशामुळे गरम आहे हे शोधणं आपलं काम, आणि या लेखातला निम्म्याहून अधिक भाग त्यासाठीच आहे.

खालची उष्णता वर येते तरी कशी? खडकातून नुसती झिरपत येते म्हणावं, तर हिशोब बसत नाही. खडकात उष्णता पसरायचा वेग साधारण सेकंदाला एक चौरस मिलिमीटर असा मोजतात, आणि लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 10 मीटर खडक ओलांडायला उष्णतेला सुमारे 3 वर्षं लागतात, 30 मीटर ओलांडायला सुमारे 28 वर्षं. तरीही झरियात आग लागल्यावर त्यामानानं फार लवकर वरची जमीन तापते. याचं कारण फटी. जुन्या भूमिगत खाणींमध्ये कोळशाचे खांब सोडून बाकीचा कोळसा काढला गेला, पोकळ्या तशाच राहिल्या, वरचं छत खचलं आणि जमिनीला भेगा पडल्या. एका भेगेतून हवा आत जाते, कोळसा प्राणवायू घेऊन आपोआप तापतो, पेट घेतो, आणि दुसऱ्या भेगेतून गरम वायू वर येतात. थर्मल प्रतिमेतला गरम डाग हा बहुतेक वेळा या भेगांचा असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, डाग आगीच्या बरोबर डोक्यावर असेलच असं नाही. कोळशाचा थर तिरका असेल तर वायू वाट काढत बाजूला कुठेतरी बाहेर पडतात. दोन, डाग नाही म्हणजे आग नाही, असं कधीही म्हणू नका. वरून माती-वाळूचा जाड थर टाकला की भेगा बुजतात आणि डाग फिका होतो. खालचं जळणं थांबलं की नुसतं झाकलं गेलं, हे प्रतिमेवरून सांगता येत नाही. सरकारी आकडेवारीनुसार झरियातली आगीची ठिकाणं 77 वरून 27 वर आली आणि क्षेत्र 8.9 वरून 1.8 चौरस किलोमीटरवर आलं. हे आकडे पृष्ठभागावर जाणवणाऱ्या आगीचे आहेत, हे वाचताना लक्षात ठेवायला हवं.

पिक्सेलचा हिशोब एकदा हातानं करून बघा

हा हिशोब केला नाही तर पुढे सगळीकडे गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून बघू.

लॅण्डसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या थर्मल कॅमेऱ्याचा एक पिक्सेल (प्रतिमेतला एक ठिपका) 100 मीटर बाय 100 मीटरचा. म्हणजे 10,000 चौरस मीटर, अडीच एकराला थोडं कमी. समजा जानेवारीतली सकाळ आहे आणि या तुकड्यातली जमीन 22 अंश सेल्सिअसला आहे. त्यात भेगांच्या कडेची 100 चौरस मीटर जागा, म्हणजे फक्त एक टक्का, 100 अंशांना तापलेली आहे. तिथे उभं राहिलात तर चपलेचा तळ वितळेल. पण पूर्ण पिक्सेलचं सरासरी प्रारण (जमिनीतून बाहेर पडणारी उष्णतेची किरणं) घेऊन त्याचं तापमान काढलं तर ते येतं जेमतेम 23 अंश. फरक एका अंशाचा! गरम जागा दहा टक्के असेल तर तो फरक सुमारे 10 अंशांचा होतो. आणि एक टक्का जागाच, पण 325 अंशांच्या आसपास, म्हणजे खरोखर धगधगणारा कोळसा उघडा पडला असेल, तर 6 अंशांच्या आसपास.

म्हणजे नकाशावर 27 अंश दिसलं म्हणून जमीन 27 अंशांना आहे असं समजायचं नाही, आणि फरक दोनच अंशांचा आहे म्हणून तो फेकूनही द्यायचा नाही. आपली सगळी मेहनत या दोन-चार अंशांच्या फरकासाठी आहे. सूर्य, उतार, दगडाचा रंग, ओलावा यांच्यामुळेही तितकाच फरक सहज पडतो. म्हणून तारखेची निवड फार महत्त्वाची.

कोणत्या उपग्रहाची प्रतिमा घ्यायची

सुरुवात लॅण्डसॅट 8 आणि 9 पासून करा. 8 नंबरचा फेब्रुवारी 2013 मध्ये गेला, 9 नंबरचा सप्टेंबर 2021 मध्ये. प्रत्येक जण 16 दिवसांनी त्याच जागेवर येतो, दोघं मिळून 8 दिवसांनी. थर्मल पिक्सेल 100 मीटरचा असला तरी तुम्हाला फाइल मिळते ती 30 मीटरच्या चौकटीत बसवलेली. त्यामुळे प्रतिमा आहे त्यापेक्षा बारीक वाटते. एकटा 30 मीटरचा पिक्सेल लाल दिसला आणि त्याच्या शेजारचे सगळे थंड असले तर तो संशयास्पद समजा, कारण खरा गरम स्रोत निदान तीन-चार पिक्सेल रुंद पसरतो.

जुना काळ बघायचा असेल तर लॅण्डसॅट 5 आहे, 1984 पासूनचा, थर्मल पिक्सेल 120 मीटरचा. लॅण्डसॅट 7 चा पिक्सेल 60 मीटरचा. हे सगळं फुकट, यूएसजीएसच्या (अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेच्या) अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर खातं उघडून.

रात्रीसाठी दोन चांगले पर्याय आहेत. ॲस्टर या उपकरणाचा 90 मीटरचा साठा, ज्यात रात्रीची बरीच दृश्यं आहेत. आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर 2018 पासून बसवलेलं इकोस्ट्रेस, पिक्सेल साधारण 70 मीटरचा. स्थानकाची कक्षा सरकत जाते, त्यामुळे इकोस्ट्रेस कधी दुपारी, कधी मध्यरात्री, कधी पहाटे येतं. पहाटेची प्रतिमा मिळाली तर ती जपून ठेवा. मात्र इकोस्ट्रेसची प्रतिमा कधीकधी जागेवरून सरकलेली असते. पांचेत आणि मैथन धरणांचे काठ ओळखून ती आधी नीट बसवून घ्या, नाहीतर शेजारच्या वस्तीवर आग दाखवाल.

मोडिस आणि व्हीआयआयआरएस या उपग्रहांवरच्या उपकरणांच्या तयार 'फायर पॉइंट'च्या मागे या कामासाठी लागू नका. एकाचा पिक्सेल किलोमीटरचा, दुसऱ्याचा 375 मीटरचा. जंगलातल्या वणव्याला ते उत्तम आहेत, धुमसणाऱ्या भेगेला नाहीत. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहात थर्मल बँडच (तरंगलांबीचा पट्टाच) नाही. त्याचा उपयोग आहे, पण वेगळा, आणि तो पुढे येईल.

तारीख

15 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर. त्यातही जानेवारी सर्वांत चांगला. मे महिन्यात धनबादची उघडी काळी जमीन उन्हानंच इतकी तापते की आगीचा दोन अंशांचा फरक त्यात बुडून जातो. पावसाळ्यात ढग, आणि ढग नसले तरी ओली जमीन बाष्पीभवनानं थंड होते. हिवाळ्यातही दोन-तीन दिवसांत पाऊस झाला असेल तर ती तारीख सोडा.

दिवसाच्या लॅण्डसॅट प्रतिमा सकाळी दहाच्या सुमाराच्या असतात. तोपर्यंत सूर्य आग्नेयेकडे चढलेला असतो आणि त्या बाजूला तोंड असलेले उतार, खाणीच्या पायऱ्या, मातीचे ढिगारे तापायला लागलेले असतात. हिवाळ्यात सूर्य खाली असल्यानं हा फरक आणखी ठळक होतो. यावर खरा उपाय रात्रीची प्रतिमा. सूर्यानं दिलेली ऊब पहाटेपर्यंत बरीचशी निघून जाते. खालून सतत पुरवठा होणारी ऊब तशीच राहते.

रात्रीच्या प्रतिमेत धुकं बघायला विसरू नका. दामोदरच्या खोऱ्यात थंडीत दाट धुकं पडतं आणि ते थर्मल कॅमेऱ्याला ढगासारखंच आड येतं. रात्री दृश्य प्रकाशाची प्रतिमा नसते, त्यामुळे धुकं डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या भागावर तापमान सपाट, धुरकट, नदीच्या रेषेशिवाय दिसत असेल तर ती प्रतिमा बाजूला ठेवा.

तापमान काढणं

दिवसाच्या प्रतिमेसाठी सोपा मार्ग म्हणजे कलेक्शन 2, लेव्हल 2 मधली तयार पृष्ठतापमानाची फाइल. नावात 'एसटी बी10' असं असतं. तिच्यातला आकडा म्हणजे तापमान नव्हे. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये त्याला 0.00341802 नं गुणा, 149 मिळवा, म्हणजे केल्विन मिळतं. त्यातून 273.15 वजा केले की सेल्सिअस. पडताळणीसाठी: फाइलमध्ये 44000 असेल तर उत्तर 26.2 अंश यायला हवं. शून्य आकडा म्हणजे माहिती नाही. तो गाळला नाही तर नकाशावर उणे 124 अंशांचे पट्टे दिसतील.

रात्रीच्या लॅण्डसॅट दृश्यांसाठी लेव्हल 1 वरून स्वतः काढा. आकड्याला फाइलसोबतच्या माहितीपत्रकातल्या गुणकानं गुणा आणि बेरजेचा अंक मिळवा, हे झालं प्रारण. मग के-1 ला (के-1 आणि के-2 हे त्याच माहितीपत्रकातले दोन स्थिरांक) प्रारणानं भागा, त्यात 1 मिळवा, त्याचा नैसर्गिक लघुगणक घ्या, आणि के-2 ला त्यानं भागा. लॅण्डसॅट 8 च्या बँड 10 साठी के-1 774.8853 आणि के-2 1321.0789 आहे. लॅण्डसॅट 9 चे आकडे वेगळे आहेत, म्हणून ते नेहमी त्या त्या फाइलमधूनच उचला. बँड 11 वापरायचा मोह टाळा. लॅण्डसॅट 8 मध्ये भटक्या प्रकाशाचा त्रास त्याच बँडला जास्त आहे.

तयार फाइलबद्दल एक सूचना. ती बनवताना जमिनीची उत्सर्जकता (उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकायची क्षमता) ॲस्टरच्या 2000 ते 2008 मधल्या माहितीवरून घेतलेली असते. झरियात तेव्हा जिथे गाव किंवा झुडपं होती तिथे आज ओपनकास्टचा (उघड्या खाणीचा) खड्डा असू शकतो. उत्सर्जकतेत 0.01 ची चूक झाली तर तापमानात साधारण 0.7 अंशाची चूक होते. म्हणून एका अंशाच्या आतल्या फरकावर मी कधीच विसंबत नाही, आणि चौकोनी कडांचा डाग दिसला तर आधी उत्सर्जकतेची फाइल उघडून बघते.

ढग काढण्यासाठी सोबतची 'क्यूए पिक्सेल' फाइल वापरा. धूर तिच्यात कधी ढग म्हणून जातो. आगीवरचाच पिक्सेल गाळला गेला का, ते डोळ्यांनी तपासा.

किती गरम म्हणजे गरम?

नवशिक्या माणूस इथे पूर्ण प्रतिमेची सरासरी काढतो, त्यात दोन प्रमाणविचलनं मिळवतो आणि त्यावरचं सगळं आग म्हणून रंगवतो. पूर्ण प्रतिमेत दामोदर नदी येते, पारसनाथचा जंगली डोंगर येतो, धनबाद शहर येतं. त्यांच्या सरासरीशी खाणीची तुलना करून काही कळत नाही. धनबादची सिमेंटची छपरं आणि झरियाची आग एकाच रंगात येतात.

तुलना शेजाऱ्यांशी करा. प्रत्येक पिक्सेलभोवती सुमारे 2 किलोमीटरची चौकट घ्या, म्हणजे 30 मीटरच्या फाइलमध्ये 67 पिक्सेल, कारण ही संख्या विषम लागते. ग्रास जीआयएसमधलं 'आर डॉट नेबर्स' हे साधन क्यूजीआयएसमधूनच चालवता येतं. त्यात सरासरी न घेता मध्यक (आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या, कारण चौकटीत दोन-चार फार गरम पिक्सेल असले तरी मध्यक हलत नाही. मूळ तापमानातून हा मध्यक वजा केला की 'शेजाऱ्यांपेक्षा किती गरम' असा नकाशा मिळतो. त्याआधी पाणी आणि दाट झाडी गाळून टाका, म्हणजे उघड्या जमिनीची तुलना उघड्या जमिनीशी होईल.

उंबरठा किती ठेवायचा? रात्रीच्या प्रतिमेत 2 ते 3 अंशांपासून, दिवसाच्या जानेवारीतल्या प्रतिमेत 4 अंशांपासून सुरुवात करा आणि मग ज्या ठिकाणी आग असल्याचं जाहीर आहे, उदाहरणार्थ लोदना, कुसुंडा, बस्ताकोला हे भाग, तिथे नकाशा काय दाखवतो ते बघून तो वरखाली करा. ओळखीची आग सुटत असेल तर उंबरठा जास्त आहे. शेतं लाल होत असतील तर कमी आहे.

खोटे डाग

आता खरं काम. पहिल्या नकाशावर जेवढे लाल डाग येतात त्यातले बरेच कोळशाच्या आगीचे नसतात. एकेक डाग घेऊन, उच्च विभेदनाची उपग्रह छायाचित्रं शेजारी उघडून, तो कशाचा आहे ते ठरवावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

रात्रीच्या प्रतिमेत सर्वांत जास्त फसवतं ते पाणी. हिवाळ्यात रात्री जमीन भराभर थंड होते, पाणी होत नाही. झरियात बंद पडलेल्या ओपनकास्टचे पाण्यानं भरलेले खड्डे जागोजागी आहेत. पहाटेच्या प्रतिमेत ते आजूबाजूपेक्षा कितीतरी अंश गरम, गोल, ठसठशीत दिसतात, आणि नेमके खाणीतच असतात! आगीची सगळी लक्षणं. त्याच आठवड्यातली दिवसाची प्रतिमा काढा. तोच खड्डा दिवसा आजूबाजूपेक्षा थंड दिसला की तो पाण्याचा. आग दिवसा थंड होत नाही. शिवाय सेंटिनेल-2 वरून पाण्याचा निर्देशांक काढून हे खड्डे आधीच गाळता येतात.

दिवसाच्या प्रतिमेत फसवतात ते उन्हाकडे तोंड असलेले काळे उतार. कोळशाची उघडी भिंत, ओबीचे (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाचे) ढिगारे, साठवलेला कोळसा. यांचा डाग लांबट असतो, उताराच्या एकाच बाजूला असतो, आणि रात्री नाहीसा होतो. ओबीच्या ढिगाऱ्याबाबत मात्र घाई करू नका. त्यात कोळशाचे तुकडे मिसळलेले असतात आणि ढिगारा स्वतःच पेटलेला असू शकतो. तो रात्रीही गरम राहिला तर ती खरी आग आहे, फक्त जमिनीखालच्या थरातली नव्हे. नकाशात तिला वेगळा रंग द्या.

मग माणसाच्या भट्ट्या. कोक तयार करायच्या भट्ट्या, वीटभट्ट्या, स्पंज आयर्नचे कारखाने, औष्णिक वीजकेंद्रं. हे दिवसरात्र गरम असतात, दरवर्षी गरम असतात, त्यामुळे तापमानावरून आगीपासून वेगळे करताच येत नाहीत. ते छायाचित्रातच ओळखावे लागतात. वीटभट्टी हंगामी असते. ऑक्टोबरात थंड आणि जानेवारीत गरम असा डाग असेल, आणि जवळ विटांच्या रांगा असतील, तर निर्णय सोपा आहे. दामोदरची वाळू दिवसा तापते, रात्री गार होते, तिला ओळखणं अवघड नाही. पत्र्याची छपरं उलट फसवतात. धातूची उत्सर्जकता कमी असल्यानं तापलेला पत्रा थर्मल प्रतिमेत थंड दिसतो.

प्रत्येक डागाला एक ओळ लिहून ठेवा: जागा, तारीख, दिवस की रात्र, फरक किती, छायाचित्रात काय दिसलं, निर्णय काय आणि का. महिन्याभरानंतर कोणी विचारलं की हा डाग का गाळला, तर उत्तर या वहीत असेल.

एका तारखेवर विश्वास नको

एका प्रतिमेतला डाग हा नुसता संशय. तो तीन हिवाळे टिकला तर पुरावा.

लॅण्डसॅटचे दोन्ही उपग्रह धरले तर 15 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर एका हिवाळ्यात 13 च्या आसपास फेऱ्या मिळतात. ढग, धुकं जाऊन समजा सात-आठ चांगल्या उरल्या. प्रत्येक तारखेचा 'शेजाऱ्यांपेक्षा किती गरम' नकाशा घ्या, उंबरठ्यावरच्या पिक्सेलला 1, बाकीच्यांना 0. तीन हिवाळ्यांच्या सगळ्या तारखांची बेरीज करा आणि त्या पिक्सेलला जितक्या तारखा स्वच्छ मिळाल्या त्यानं भागा. ढगाखालच्या तारखा भाजकात धरू नका, नाहीतर आगीची टक्केवारी विनाकारण खाली येते. मी 70 टक्क्यांच्या वरचे पिक्सेल 'टिकाऊ' धरते, 40 ते 70 मधले 'पुन्हा बघायचे'. हा माझा अंदाजानं ठरवलेला आकडा आहे. तुमच्या भागात तो बदलेल.

हे काम संगणकावर उतरवून घेण्यापेक्षा गूगल अर्थ इंजिनमध्ये केलं तर शंभर फाइली साठवायची गरज पडत नाही. संशोधन आणि शिक्षणासाठी ते मोफत आहे, नोंदणी करावी लागते. थोडं कोडिंग शिकावं लागेल. पण पहिल्या दोन-तीन तारखा क्यूजीआयएसमध्ये हातानंच करा, म्हणजे यंत्र काय करतं आहे ते समजेल.

आता 2013 ते 2016 चे हिवाळे आणि अलीकडचे तीन हिवाळे असे दोन नकाशे शेजारी ठेवा. काही डाग गेलेले दिसतील. कोळसा खणून काढला असेल, माती टाकली असेल, किंवा जळून संपला असेल. काही नवे उगवलेले दिसतील. काही एका बाजूनं विझत दुसऱ्या बाजूला सरकलेले दिसतील. सरकणारे डाग सर्वांत महत्त्वाचे, कारण ते कोणत्या वस्तीच्या दिशेनं चालले आहेत ते सांगतात. सरकायची दिशा कोळशाच्या थराच्या उघड्या पट्ट्याशी जुळते का ते भूशास्त्रीय नकाशावर बघा. जिथे कोळसाच नाही अशा खडकावर सरकणारा डाग आगीचा असणं अवघड.

दुसऱ्या साक्षीदारांना विचारा

सेंटिनेल-2 चे 1.6 आणि 2.2 मायक्रोमीटरचे बँड 20 मीटरचे आहेत. वस्तू जितकी गरम, तितकं तिचं प्रारण छोट्या तरंगलांबीकडे सरकतं. 300 केल्विनच्या जमिनीचं शिखर 9.7 मायक्रोमीटरला असतं, 1000 केल्विनच्या निखाऱ्याचं 2.9 ला. म्हणून ओपनकास्टच्या भिंतीत उघडा जळणारा कोळसा या बँडमध्ये चमकतो, आणि थर्मलपेक्षा कितीतरी नेमक्या जागी. झाकलेली, धुमसणारी आग त्यात दिसत नाही. म्हणजे चमकलं तर पक्कं, नाही चमकलं तर काही सिद्ध होत नाही.

दुसरा साक्षीदार रडार. कोळसा जळाला की पोकळी होते, पोकळी झाली की जमीन खचते. सेंटिनेल-1 च्या दोन तारखांच्या रडार प्रतिमांमधून जमीन किती सेंटिमीटर खाली गेली ते काढता येतं. जिथे टिकाऊ डाग आणि खचणं दोन्ही एकत्र आहेत ती जागा यादीत सर्वांत वर टाका. चालू ओपनकास्टमध्ये जमिनीचा आकारच रोज बदलतो, तिथे ही पद्धत चालत नाही. जुलै 2025 मध्ये सोडलेल्या निसार उपग्रहाची लांब तरंगलांबी झुडपांतूनही जमीन वाचते, त्यामुळे पुढे हे काम सोपं होईल.

चंद्रपूर-वणीकडच्या वाचकांसाठी

हीच पद्धत वर्धा खोऱ्याला लावून बघता येते. इथेही जुन्या भूमिगत खाणी, त्यांच्या शेजारी वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) ओपनकास्ट आणि त्यांना लागून गावं अशी रचना आहे. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसला जुन्या खाणीवरचं एक घर जमिनीत गेलं होतं. ते आगीमुळे नव्हे, पोकळीमुळे. पण पोकळी आणि भेगा असतील तिथे हवा आत जायला वाट असते. इथला उन्हाळा धनबादपेक्षाही कडक, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या बाहेर जाऊ नका. आणि चंद्रपूरचं वीजकेंद्र, राखेचे तलाव, सिमेंटचे आणि स्पंज आयर्नचे कारखाने यांची यादी करून ते आधीच गाळा. रडारचा पुरावा इथे थर्मलइतकाच महत्त्वाचा धरा.

जागेवर जाण्याबद्दल

एकट्यानं, परवानगीशिवाय जाऊ नका. भेगांतून येणारा कार्बन मोनॉक्साइड रंगाचा नाही, वासाचा नाही. वरून घट्ट दिसणारी जमीन खाली पोकळ असते. खाणीच्या हद्दीत कंपनीची लेखी परवानगी आणि सोबत त्यांचा सुरक्षा अधिकारी हवा. रस्त्यावरूनही बरंच कळतं: पावसानंतर भेगांतून निघणारी वाफ, कडेला जमलेला गंधकाचा पिवळा थर, भाजून विटकरी झालेला खडक, आणि हिरव्या पट्ट्यात मधेच वाळून गेलेली झाडं. सर्वांत चांगली माहिती तिथे राहणारे लोक देतात. कोणत्या घराची फरशी थंडीतही पायाला गरम लागते, हे त्यांना कोणत्याही उपग्रहाच्या आधी कळलेलं असतं. विचारायला जाताना तुमचा नकाशा बरोबर न्या, पण त्यांचं ऐकून झाल्यावर उघडा.

नकाशा देताना

तापमानाचे आकडे शीर्षकात टाकू नका. 'शेजाऱ्यांपेक्षा किती गरम' असं लिहा, वापरलेल्या तारखा लिहा, किती प्रतिमांपैकी किती वेळा डाग दिसला ते लिहा. खोली लिहू नका. एका थर्मल प्रतिमेवरून खोली कळत नाही, आणि कोणी तसा दावा करत असेल तर कोणतं गणित, कोणत्या बोअरहोलशी ताडून पाहिलं, ते विचारा. डागांचे तीन वर्ग पुरेत: टिकाऊ आणि दुसऱ्या पुराव्यानं जुळलेला, टिकाऊ पण एकाच पुराव्याचा, आणि पुन्हा बघायचा.

घराघरांच्या मधून बारीक रेघ ओढू नका. तुमचा मूळ पिक्सेल 100 मीटरचा आहे. त्यात रेघेच्या अलीकडे वीस घरं येतात आणि पलीकडे वीस. जून 2025 मध्ये केंद्रानं झरियासाठी 5,940 कोटी रुपयांचा सुधारित मास्टर प्लॅन मंजूर केला. पुनर्वसनाच्या यादीत नाव असणं-नसणं म्हणजे काय हे तिथल्या माणसाला चांगलं माहीत आहे. डागाच्या कडेबाहेर 100 मीटरचा पट्टा वेगळ्या रंगात दाखवा, त्यावर 'इथे जमिनीवर तपासणी हवी' असं स्पष्ट लिहा, आणि टोल्यांची, धौड्यांची (खाण कामगारांच्या चाळींची) नावं तिथले लोक म्हणतात तीच टाका.